चाक चकाकतं, पण...

मित्रहो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

कोराडीला आमच्या घरी आबाजींची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईत तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आमची मात्र अजून चालते. कंपनीची चाकं लोखंडी होती. आबाजींनी नंतर हौसेने अलॉय व्हील्स बसवली. ती पार काळवंडली, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी चमकवायला घेतली.

आधी थोडी थिअरी. ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप बसतो. तेच त्याचं चिलखत. पण आम्ल आणि अल्कली दोन्ही ते फोडतात. मी शहाणपणा करून कॉस्टिक सोडा लावला. हायड्रोजनचे बुडबुडे आले आणि चाक काळंठिक्कर! अलॉयमधला सिलिकॉन विरघळत नाही, तो काळा थर होऊन मागे राहतो.

आई म्हणाली, "राखेने घास ना, भांडी निघतात तशी." कोराडीत राखेला काय तोटा! पण कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना असतं, आणि दाणे एकसारखे नसतात. नुसते चरे पडतात.

खरी पद्धत अशी. पंक्चरवाल्याकडून टायर काढून घ्या. चाक साबणाने धुवा. जुनं लॅकर पेंट रिमूव्हरने काढा, हातमोजे घालूनच. मग वॉटर पेपर ३२०, ६००, १०००, २००० नंबर या क्रमाने. प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवं घासा, त्या गेल्या की पुढचा नंबर. पाणी लावूनच घासायचं, कारण ॲल्युमिनियमची कोरडी बारीक भुकटी पेट घेऊ शकते. शेवटी मऊ कापडाने मेटल पॉलिश आणि वर वॅक्स.

तीन चाकं आरशासारखी झाली. चौथं घेतलं तेव्हा आबाजी म्हणाले, "थांब बे, तडा पाहिला का?" ते जुने फिटर. त्यांनी चाकाला रॉकेल लावलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि खडूची भुकटी भुरभुरली. नटाच्या भोकापासून एक ओली, काळी रेघ उमटली. तडा! आत शिरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढलं होतं.

मी म्हटलं, बाकीची तीनही तपासू. आबाजींनी मान हलवली. मऊ धातू घासला की तो तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तोंड बुजतं. म्हणजे माझ्या मेहनतीनेच पुरावा झाकला होता. तडा वेल्डिंगने भरणं हाही घरगुती उद्योग नव्हे.

आबाजी काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरची लोखंडी चाकं काढून बसवली, नट समोरासमोरचे आवळले. चकचकीत तीन अजून व्हरांड्यात उभी आहेत.

तेव्हा मित्रहो, आधी तपासा, मग चमकवा. परीक्षेच्या सबमिशनलाही हेच लागू, नाही का?