डिजिटल स्टेथोस्कोप डॉक्टरांच्या गळ्यात राहील की ड्रॉवरमध्ये जाईल?



अमरावती-अकोल्याकडचे तरुण हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, मेडिकल लाईनमध्ये उतरायचं आहे. डिजिटल स्टेथोस्कोपची एजन्सी घेऊ का?" किंमत माहीत असते, मार्जिन माहीत असतं. पण सकाळी अकराच्या गर्दीत डॉक्टर हे यंत्र वापरतात कसं, हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आज आपण तेच पाहू. एकदा यंत्र विकणं सोपं आहे. सहा महिन्यांनीही ते वापरात असलं, तर तोच डॉक्टर तुम्हाला पुढचे चार डॉक्टर जोडून देतो.

आधी यंत्र समजून घ्या

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. पुढे लाकडाची नळी आली, मग रबराची. डिजिटल प्रकारात छातीवरचा आवाज मायक्रोफोन पकडतो, तो मोठा करतो आणि नको असलेला आवाज गाळतो. हृदयाचे ठोके खालच्या पट्टीतले असतात, फुफ्फुसातले बरेच आवाज वरच्या पट्टीतले. म्हणून बहुतेक यंत्रांत दोन्हींसाठी वेगळी सोय असते. ब्लूटूथने आवाज मोबाईलवर जातो, त्याचा आलेख दिसतो, रेकॉर्डिंगही होतं.

आता अडचणीही ऐका. चकती कपड्यावर घासली, तर ती खरखरही मोठी होऊन ऐकू येते. जुना पंखा, बाहेरचा ऑटो, शेजारच्या मंगल कार्यालयातला बँड हे सगळं फिल्टर पूर्ण थांबवू शकत नाही. आणि चार्जिंग संपलं की यंत्र बसलं! हे डॉक्टरांना तुम्हीच आधी सांगा. नंतर त्यांना स्वतः कळलं तर तुमचा शब्द गेला.

मुंबईच्या स्टार्टअपकडून काय घ्यायचं?

आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांवर काम करणारं 'बेटिक' नावाचं केंद्र आहे. नागपूरचं व्हीएनआयटीही त्याच्या जाळ्यात राहिलं आहे, म्हणजे हे काम आपल्या विदर्भापासून लांब नाही. आयआयटीच्या वातावरणातूनच 'आयु डिव्हाइसेस' हा स्टार्टअप उभा राहिला. त्यांच्या 'आयुसिंक'ची कल्पना साधी होती: डॉक्टरांच्या नेहमीच्या स्टेथोस्कोपला जोडता येईल असं छोटं यंत्र. हातातली जुनी, सवयीची वस्तू टाकून द्या, असं ते म्हणालेच नाहीत.

मग २०२० चा कोरोना आला. रुग्णाच्या जवळ जाणं धोक्याचं झालं आणि लांबून ऐकता येणाऱ्या यंत्राची गरज एका रात्रीत सगळ्यांना कळली. त्या एप्रिलमध्ये बातमी आली, की या टीमने देशभरातल्या रुग्णालयांना आणि आरोग्य केंद्रांना १,००० स्टेथोस्कोप पाठवले. ही मागणी साथीने आणली खरी, पण माल तयार होता म्हणूनच तो पोचला. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्या सूचना घेऊन तो आधीच घडवलेला होता.

६० पेशंटचं गणित

आता आपल्याकडे या. समजा दर्यापूरच्या किंवा अकोटच्या एका डॉक्टरांची ओपीडी रोज ६० पेशंटची आहे. यंत्र चालू करणं, मोबाईल जोडणं, नाव टाकणं यात प्रत्येकी ४० सेकंद गेले, तर दिवसाची ४० मिनिटं गेली. बाहेर बाकावर बसलेली मंडळी कुरकुरणार आणि डॉक्टर तिसऱ्या दिवशी म्हणणार, "हे काय झंझट आणलं बाप्पा!" यंत्र ड्रॉवरमध्ये.

म्हणून "सगळ्या पेशंटना वापरा" असं सांगू नका. ६० पैकी पाच-सहाच निवडायला सांगा. ते कोणते?

१. शंकेचा आवाज. ठोक्यात काही वेगळं वाटतंय, पण खात्री नाही. रेकॉर्डिंग अमरावतीच्या किंवा नागपूरच्या हृदयरोग तज्ज्ञांना पाठवून विचारता येतं. पेशंटला लगेच गाडी करून धाडायचं की इथेच तपासण्या करून थांबायचं, हे ठरवायला डॉक्टरांना मदत होते.

२. परत येणारे पेशंट. दम्याचा रुग्ण असेल, किंवा जिनिंगच्या हंगामात खोकत येणारा कामगार. मागच्या वेळचा आवाज आणि आजचा आवाज शेजारी ठेवून ऐकता येतो.

३. ज्येष्ठ डॉक्टर. वयाबरोबर कान थोडा मंदावतो. हे कोणी बोलून दाखवत नाही आणि तुम्हीही विचारू नका. फक्त आवाज वाढवायचं बटण दाखवा, पुढचं ते समजून घेतात.

४. पेशंटला समजावणं. "तुमच्या छातीत ही घरघर आहे" असं ऐकवलं, की बिडी सोडण्याचा सल्ला जरा आत पोचतो.

मेळघाटसारख्या भागाचा वेगळा विचार करा. धारणीहून परतवाड्यामार्गे अमरावती गाठायची म्हणजे घाटातला लांब रस्ता. तिथल्या केंद्रातून तज्ज्ञापर्यंत नुसता आवाज पोचला, तरी त्याची किंमत मोठी आहे. पण नेटवर्क नसेल तिथे काय? रेकॉर्डिंग फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येतं का, हे कंपनीला विचारल्याशिवाय त्या भागात विकायला जाऊ नका.

कागदपत्रं

वैद्यकीय उपकरण विकणं म्हणजे मोबाईल कव्हर विकणं नव्हे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये सप्टेंबर २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनुसार विक्रेत्याला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते. अर्ज एमडी-४१ नमुन्यात करायचा, प्रमाणपत्र एमडी-४२ मिळतं. योग्य जागा आणि पात्र जाणकार व्यक्ती दाखवावी लागते. माल घेताना उत्पादकाचा किंवा आयातदाराचा परवाना मागा. "नंतर पाठवतो" म्हणाला, तर ऑर्डरही नंतर द्या.

या तीन गोष्टी करू नका

पहिली, "हे यंत्र निदान करतं" असं म्हणू नका. काही परदेशी यंत्रांच्या सॉफ्टवेअरला हृदयातले विशिष्ट दोष दाखवायची परवानगी मिळाली आहे, पण निर्णय डॉक्टरांचाच. तुमच्या एका फुशारकीवर विसंबून एखाद्या लेकराचा न्यूमोनिया अंगावर काढला गेला, तर ते नुकसान कुठल्या कमिशनने भरून निघणार?

दुसरी, डिग्री नसलेल्या 'डॉक्टर'ला विकू नका. गळ्यात चमकतं यंत्र आलं, की गावाचा त्याच्यावरचा विश्वास वाढतो. त्या विश्वासाला तुम्ही हातभार लावू नका.

तिसरी, पेशंटचं रेकॉर्डिंग डेमो म्हणून दुसऱ्या दवाखान्यात वाजवू नका. ती त्या माणसाची खासगी माहिती आहे. डेमोसाठी स्वतःचे ठोके वापरा.

सुरुवात कशी कराल?

कर्ज काढून वीस नग भरू नका. एकच डेमो नग घ्या. डॉक्टरांची ओपीडी संपल्यावर वेळ मागा. कंपाऊंडरला चार्जिंग आणि जोडणी शिकवा, कारण रोज सकाळी यंत्र चालू करणारा तोच आहे. आठवडाभर यंत्र तिथे ठेवा आणि तिसऱ्या दिवशी न सांगता चक्कर मारा. यंत्र टेबलावर असेल तर किंमत बोला. ड्रॉवरमध्ये असेल तर "कुठे अडलं, डॉक्टरसाहेब?" एवढंच विचारा आणि वहीत लिहून घ्या. विक्रीबरोबर वर्षाची सेवा वेगळ्या दराने लिहून द्या. ऑनलाईन स्वस्त विकणारा अकोल्यात कंपाऊंडरजवळ येऊन बसणार नाही. तुम्ही बसू शकता.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या तालुक्यातल्या पाच डॉक्टरांना भेटा. विकायचं काहीच नाही. फक्त विचारा, "छाती तपासताना तुमचा सगळ्यात जास्त खोळंबा कुठे होतो?" पाच उत्तरं वहीत आली, की एजन्सी घ्यायची की नाही हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.