विमानाचे तिकीट कसे वाचावे

आमच्या शेजारचे एक शेतकरी जानेवारीत विमानाचे तिकीट घेऊन आमच्याकडे आले. त्यांची लेक शिकायला लंडनला निघाली होती. ते म्हणाले, "गुरुजी, विमान मुंबईहून साडेबाराला निघते अन् पाचला लंडनला पोचते. मंग साडेचारच तास लागतेत ना? पोरगी तर दहा तास म्हणते."

आम्ही म्हणालो, "बसा. पोरीचंच बरोबर आहे."

आधी अंतर पाहू. शाळेत पृथ्वीचा गोल असतो. त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. तीच सर्वांत जवळची वाट. ती सुमारे 7,200 किलोमीटर भरते.

मोठे विमान उंचावर गेले की तासाला सुमारे 900 किलोमीटर कापते. या हिशेबाने आठ तास झाले. पण चढायला व उतरायला वेळ लागतो. कुठे वळसा पडतो. शिवाय वर आकाशात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून लागतो. म्हणून नऊ-दहा तास धरावे. येताना तोच वारा पाठीशी असतो, तेव्हा वेळ कमी लागतो.

एअर इंडियाचे पहिले विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आता विमान न थांबता थेट जाते.

मग साडेचार तास कसे दिसतात? सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, लंडनला मागाहून. म्हणून हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते, पोचायची लंडनची. रात्रीच्या साडेबारात दहा तास मिळवा. आपले सकाळचे साडेदहा झाले. त्यातून साडेपाच तास वजा करा. लंडनचे पहाटेचे पाच आले.

एवढे सांगून आम्ही तारीख पाहिली आणि दचकलो. तिकिटावर होते, 15 जानेवारी, 00:30. आपण सूर्य उगवला की दिवस बदलला असे धरतो. तिकिटाचा दिवस मध्यरात्रीच बदलतो. म्हणजे हे विमान 14 तारखेच्या रात्रीच जाणार!

"वाशीमहून बस कधीची काढली?" आम्ही विचारले.

"चौदाच्या संध्याकाळची."

ती बस मुंबईला पोचेपर्यंत विमान निघून गेले असते. परदेशी विमानाला तीन तास आधी हजर राहावे लागते. म्हणजे 14 तारखेला रात्री साडेनऊला विमानतळावर पाहिजे. शेजाऱ्यांनी लगेच जाऊन 13 तारखेची बस काढली. लेक वेळेवर गेली.

तेव्हा मंडळी, तिकीट हाती आले की आधी तारीख पाहा, मग वेळ पाहा. मध्यरात्रीनंतरची वेळ असेल, तर आदल्या रात्रीच विमानतळ गाठा.