घाम गाळला, दम कुठे लागला?

जाफराबाद तालुक्यात एखाद्या पन्नाशीच्या शेतकऱ्याला 'रोज अर्धा तास भरभर चाला' असं सांगून पाहा. उत्तर ठरलेलं असतं: "दिवसभर वावरात राबतोय की, आणखी व्यायाम कशाला?" हे हसण्यावारी नेण्यासारखं उत्तर नाही. केळणा आणि धामणेच्या काठच्या या मुलखात हातानं काम न करणारं घर विरळाच. तरीही शुगर आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटं घरोघरी फळीवर दिसतात आणि ओळखीतलं कुणी ना कुणी डायलिसिसवर असतं. कष्ट आहेत आणि आजारही आहे. मग घोडं अडलं कुठं?

एक कारण उघड आहे. पूर्वी दोन कोसांवरच्या वावरात माणूस पायी जायचा, पायीच परत यायचा. आता मोटारसायकल थेट बांधाला लागते. नांगरट ट्रॅक्टरनं होते, मळणी यंत्रानं. अंगमेहनत उरली ती वाकून, उकिडवं बसून किंवा एका जागी उभं राहून करायची. जाफराबाद–देऊळगाव राजा पट्ट्यात भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट घेतात, तिथलं काम पाहा. शेडनेटमध्ये बाया टोमॅटोची न उमललेली कळी दोन बोटांत धरतात, चिमट्यानं आतले पुंकेसर अलगद काढतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला नराचे परागकण लावतात. शेकडो कळ्या, एकामागून एक. मान आखडते, पाय भरून येतात, आतल्या दमट उकाड्यानं पाठ ओलीचिंब होते. पण छातीचे ठोके फारसे वाढत नाहीत. घाम येतो तो उन्हानं. मूत्रपिंडाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. डॉक्टर ज्याला एरोबिक व्यायाम म्हणतात त्यात मोठे स्नायू सलग, एका लयीत हलावे लागतात आणि श्वास वाढावा लागतो: भरभर चालणं, सायकल, पोहणं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर समजावा. पावलांत मोजायचं तर मिनिटाला साधारण १००.

आता मूत्रपिंडाकडे वळू. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जातो, दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. वजन वाढलं की शरीराची मागणी वाढते, गाळण्यांची संख्या मात्र तेवढीच राहते. प्रत्येक गाळणीवर दाब येतो, ती फुगते, जास्त गाळू लागते. रक्तातली साखर वाढली की हाच दाब आणखी चढतो. त्यामुळं सुरुवातीच्या वर्षांत मूत्रपिंड बिघडल्यासारखं दिसतच नाही. उलट ते प्रमाणाबाहेर काम करत असतं. पुढं गाळणीच्या भिंतीतल्या नाजूक पेशी गळू लागतात आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज आणि लघवीला फेस येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

"आमच्यात लठ्ठ कोण आहे?" हा पुढचा आक्षेप. इथं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवतं. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा: २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार अशी ही आपली ठेवण आहे, आणि ती चरबी बहुतेक करून पोटात साठते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यांत हेच दिसतं: बीएमआयनं लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के, पण पोटाच्या घेरानं लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के. मधुमेह ११.४ टक्के प्रौढांना, उच्च रक्तदाब ३५.५ टक्क्यांना. तेव्हा वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० ओलांडला की सावध व्हायचं.

चालण्यानं नेमकं होतं काय? काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो, आणि हा परिणाम चालणं थांबल्यावरही काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. वजन फारसं उतरलं नाही तरी पोटातली चरबी कमी होते. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करतं, वाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो. शरीरभर धुमसणारा दाह कमी होतो. मूत्रपिंडाला यातला प्रत्येक फायदा आयता मिळतो, कारण त्याची दोन मोठी दुखणी म्हणजे साखर आणि दाब. याशिवाय थेट मूत्रपिंडात काही घडतं का, हे उंदरांवर तपासलं गेलं आहे. लठ्ठ, मधुमेही जातीचे उंदीर यांत्रिक पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे पळवले, तेव्हा अनेक प्रयोगांत त्यांच्या लघवीतलं प्रथिन घटलं, गाळण्यांवरचे व्रण कमी दिसले.

उंदरांचं ठीक, माणसांचं काय? इथं उत्साह जरा आवरता घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या 'लुक अहेड' या अभ्यासात टाइप-२ मधुमेह असलेल्या ५१४५ जाड माणसांपैकी निम्म्यांना कमी खाणं आणि आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम असा कडक कार्यक्रम दिला होता. हृदयविकार टळले नाहीत म्हणून २०१२ साली तो थांबवला. पण पुढं २०१४ मध्ये मूत्रपिंडांचा हिशेब निघाला तेव्हा अतिजोखमीचा मूत्रपिंडविकार त्या गटात ३१ टक्क्यांनी कमी आढळला. यश आहारामुळं किती आणि चालण्यामुळं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. दुसरा अभ्यास सत्तरी ओलांडलेल्या, बैठी सवय असलेल्या माणसांचा. त्यांना दोन वर्षं मुख्यतः चालण्याचा व्यायाम दिला. २०२२ च्या निष्कर्षांनुसार त्यांच्या गाळण्याच्या वेगातली घसरण व्यायाम न दिलेल्या गटापेक्षा थोडी कमी होती, जेमतेम एका एककाचा फरक. या अभ्यासातले सगळे मधुमेही नव्हते.

फरक छोटा आहे आणि तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. चालण्यानं किडनी 'साफ' होते, क्रिएटिनिन उतरतं, डायलिसिस सुटतं, असे जे संदेश फोनवर फिरतात ते बिनबुडाचे आहेत. मरून गेलेली गाळणी परत उगवत नाही. माझं मत विचाराल तर चालण्याचा खरा उपयोग सुरुवातीच्या टप्प्यात आहे, गाळण्या दाबाखाली असतात पण मेलेल्या नसतात तेव्हा. गोळ्यांना तो पर्याय नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं मूत्रपिंडाची झीज मंदावतात हे आता पक्कं झालं आहे आणि भारतात ती पूर्वीपेक्षा बरीच स्वस्तही झाली आहेत. पण मूत्रपिंडविकाराचा रुग्ण शेवटी बहुधा हृदयविकारानं जातो, आणि तिथं चालणाऱ्या माणसाची बाजू सहसा वरचढ असते. म्हणून तर जागतिक मार्गदर्शक सूचना मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात. एकेकाळी मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना सक्तीची विश्रांती सांगायचे!

१५० मिनिटं म्हणजे रोज वीस-बावीस. तेवढी सलग मिळालीच पाहिजेत असंही नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मधुमेहींना दिवसातून एकदा अर्धा तास चालवलं आणि नंतर त्याऐवजी तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडची शतपावली आजी-आजोबांनी काही अभ्यास करून लावली नव्हती, पण वेळ त्यांनी बिनचूक निवडली होती. फक्त शंभर पावलांवर थांबू नये, ती एका मिनिटात संपतात. भोकरदन, माहोरा, टेंभुर्णीकडच्या रस्त्यांवर पहाटे चालणारे पुरुष दिसतील. बायकांच्या वाट्याला पहाट येते ती पाणी, झाडलोट आणि भाकरी घेऊन. त्यांना रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटं जमण्यासारखी आहेत, एकटीनं नाही तर जावा-शेजारणींच्या सोबतीनं, शाळेच्या मैदानाला चकरा मारत.

एक भेद मात्र विसरू नये. एप्रिल-मेच्या उन्हात, पाणी न पिता, तासन् तास राबणं मूत्रपिंडाला बाधतं. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये मधुमेह नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, आणि त्यामागं ऊन, अतिश्रम आणि पाण्याची कमतरता यांचा मोठा हात असल्याचं बहुतेक तज्ज्ञ मानतात. तिथं पाणी, विसावा आणि सावली या तीन गोष्टींची शिस्त लावल्यावर मजुरांचा त्रास कमी झाला. दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या मराठवाड्यानं हे नीट ऐकायला हवं. संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून सुटी वेदनाशामक गोळी घेणं ही त्यावरची कडी. तापलेल्या, कोरड्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी तोडते.

मधुमेहींनी चालायला लागण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेनं चालू नये, काटा रुतलेला कळत नाही. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल तर जोर लावायचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आणि तपासणी. बहुतेक जण रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 'नॉर्मल' पाहून निश्चिंत होतात. पण मूत्रपिंडांची निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन फारसं हलत नाही. आधी बोलते ती लघवीतली अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० इशारा, त्यापुढं गंभीर. मधुमेहीनं ती वर्षातून एकदा करून घ्यावी आणि डॉक्टरांनी लिहून दिली नाही तर नाव घेऊन मागावी. नमुना देण्याच्या आदल्या दिवशी मात्र पळणं, ओझी वाहणं असं दमवणारं काही करू नये. जोराच्या श्रमानंतर धडधाकट माणसाच्याही लघवीत काही तास अल्ब्युमिन जास्त येतं, आणि रिपोर्ट विनाकारण घाबरवतो.