अंगातली ताकद गेली? डॉक्टरांना काय-काय सांगाल

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी भागात ‘जीबीएस’ म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. कित्येकांचं दुखणं एकाच पद्धतीनं सुरू झालं होतं. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांत मुंग्या आणि ताकद जाणं. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. आता घरच्यांनी जुलाबाची गोष्ट सांगितलीच नाही, तर डॉक्टरांना धागा कसा मिळणार?

आपण दवाखान्यात जातो आणि एकच सांगतो, “कमजोरी आहे.” पण थकवा वेगळा आणि ताकद जाणं वेगळं. म्हणून काम सांगा. सजद्यातून उठताना हात टेकावे लागतात का? जिना चढताना, केस विंचरताना त्रास होतो? तर खांदे-मांड्यांच्या स्नायूंचा संशय येतो. चप्पल पायातून निसटते, बटण लागत नाही? तर नसांचा विचार होतो. सकाळी बरं, संध्याकाळी पापण्या खाली येतात, एकाचे दोन दिसतात? हेही जरूर सांगा.

कधी सुरू झालं, तासांत वाढलं की महिन्यांत, दोन्ही बाजूंना की एकाच, हे आठवून ठेवा. साखर, थायरॉईड, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, स्टिरॉइड, हकीमजींचं औषध, काहीही लपवू नका. आपल्या मावळात भातशेती आहे, म्हणून फवारणी केली होती का तेही सांगा. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठला, तर मण्यार चावली असू शकते. तिचा दंश दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही.

एक नाजूक गोष्ट. खानदानात कुणाला असाच त्रास होता का, आई-वडील नात्यातले आहेत का, हे डॉक्टर विचारतात. त्यात बेइज्जती नाही. काही आनुवंशिक आजार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात, तर ड्यूशेन हा मुलांचा आजार बहुतेकदा आईकडून येतो. त्यात आईचा कसूर काहीच नसतो. वर्गात एखादं पोर मांड्यांवर हात टेकत-टेकत उठतं, ते आळशी आहे असं आम्हा शिक्षकांनीही समजू नये.

आणि बाईची तकलीफ बाईलाच सांगू द्या. शौहर, सासू बोलत राहतात आणि खरी गोष्ट आतच राहते.

श्वास घेताना किंवा गिळताना त्रास, अचानक तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, पाय तासागणिक जड होणं, सापाचा संशय, यांत सकाळची वाट पाहू नका. १०८ लावा, मोठ्या रुग्णालयात न्या.

बाकी वेळी आजच एक कागद घ्या, तारखा लिहा, गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. निम्मं निदान तुमच्या सांगण्यातूनच होतं.