समुद्राखालचा धाक आणि त्याची निगा

ग्वाल्हेरचे सिटी सेंटर म्हणजे नव्या शहराचा व्यापारी आणि कार्यालयीन भाग. शहराच्या ईशान्येला महाराजपूर येथे हवाई दलाचा तळ आहे. १९८५ साली फ्रान्सहून आलेली मिराज-२००० विमाने याच तळावर उतरली आणि २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर हल्ला करणारी मिराजही येथूनच झेपावली. ही विमाने अण्वस्त्रवाहू भूमिकेसाठीही राखीव असावीत, असे परदेशी अभ्यासक वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. सरकारने त्यास कधीही दुजोरा दिलेला नाही. तथापि, ही अडचण गुप्ततेने सुटणारी नाही. विमान लपवता येते, धावपट्टी लपवता येत नाही. नकाशा उघडणाऱ्या कोणालाही महाराजपूर सापडते, आणि जे सापडते त्यावर पहिला घाव घालता येतो.

भारताने ४ जानेवारी २००३ रोजी आपले अण्वस्त्रधोरण अधिकृतपणे जाहीर केले. आपण अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही, परंतु आपल्यावर तो झाल्यास प्रत्युत्तर प्रचंड असेल, हे त्याचे सार. याचा सरळ अर्थ असा की, शत्रूचा पहिला घाव सोसूनही काहीतरी शिल्लक उरले पाहिजे. ते उरण्याची सर्वाधिक शक्यता खोल समुद्रात असते. म्हणून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ग्वाल्हेरच्या तळाचा विचार करतानाही शेवटी पाणबुडीपाशी यावे लागते.

डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भारित करण्यासाठी ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते आणि तेथेच ती हेरली जाण्याची भीती असते. अणुभट्टीला हवा लागत नाही. खलाशांचा शिधा आणि सहनशक्ती पुरेल तोवर अणुपाणबुडी पाण्याखाली राहू शकते.

मात्र अशी भट्टी बनवणे सोपे नव्हते. भारताचा अनुभव होता तो नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या, आकाराने अवाढव्य अणुभट्ट्यांचा. पाणबुडीच्या अरुंद पोटात मावणारी, लाटांवर कलंडतानाही सुरक्षित राहणारी आणि क्षणात शक्ती कमी-जास्त करू शकणारी भट्टी हवी असेल, तर समृद्ध युरेनियम लागते. त्यासाठी म्हैसूरजवळ रत्नहळ्ळी येथे समृद्धीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. भट्टीचा जमिनीवरील नमुना कल्पक्कम येथे बांधून २००६ पर्यंत कार्यान्वित करण्यात आला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या कामात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या डॉ. अनिल काकोडकरांचे नाव गोमंतकीयांना परके नाही. त्यांचे वडील पुरुषोत्तम काकोडकर यांना गोवा मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांनी पकडून थेट पोर्तुगालला हद्दपार केले होते. अनिल काकोडकरांचा जन्म मात्र १९४३ चा आणि आज ग्वाल्हेर ज्या मध्य प्रदेशात आहे, त्याच राज्यातील बडवानीचा.

२६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणममध्ये 'अरिहंत'चे जलावतरण झाले. तिची सुमारे ८३ मेगावॉटची भट्टी क्रांतिक व्हायला २०१३ चा ऑगस्ट उजाडला आणि नौदलात ती दाखल झाली २०१६ मध्ये. पहिली प्रतिरोधक गस्त पूर्ण झाल्याचे ५ नोव्हेंबर २०१८ रोजी जाहीर झाले. दुसरी पाणबुडी 'अरिघात' २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झाली. अरिहंतचे मूळ क्षेपणास्त्र सुमारे ७५० किलोमीटर पल्ल्याचे. एवढ्या पल्ल्यासाठी पाणबुडीला परक्या किनाऱ्याच्या धोकादायक जवळ जावे लागते. सुमारे ३,५०० किलोमीटर पल्ल्याच्या के-४ क्षेपणास्त्रामुळे तिला बंगालच्या उपसागरातच दडून राहता येईल.

आपल्याकडे जलावतरणाचे सोहळे होतात, देखभालीचे होत नाहीत. पण धाकाचा खरा हिशेब देखभालीतच आहे. ब्रिटनने १९६९ पासून निदान एक अण्वस्त्रसज्ज पाणबुडी सतत समुद्रात ठेवली आहे आणि त्यासाठी त्याला चार पाणबुड्या बाळगाव्या लागतात. एक गस्तीवर, एक नुकतीच परतलेली, एक सरावात, एक दुरुस्तीत, असे ते चक्र. त्यातील एक जरी अडकली तरी बाकीच्यांवर भार पडतो. 'व्हॅनगार्ड' ही पाणबुडी डिसेंबर २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी गोदीत गेली आणि २०२३ मध्ये बाहेर पडली. या काळात उरलेल्या पाणबुड्यांवरील खलाशांच्या गस्ती लांबत गेल्या, काही पाच महिन्यांच्याही पुढे.

तेव्हा दोन पाणबुड्यांच्या बळावर बाराही महिने अखंड गस्त ठेवता येत नाही. तिसरी, चौथी आवश्यक आहेच. पण तितकेच आवश्यक आहेत किरणोत्सारी नळ्यांची तपासणी करणारे कुशल जोडारी, भट्टीचे इंधन बदलण्याची सोय असलेली गोदी आणि पाळीपाळीने जाणारे प्रशिक्षित खलाशी. सोव्हिएत संघाकडून 'चक्र' ही अणुपाणबुडी १९८८ मध्ये तीन वर्षांसाठी भाड्याने घेतली, ती प्रामुख्याने हे मनुष्यबळ घडवण्यासाठी. पण ती परत गेल्यानंतर दुसरी 'चक्र' यायला २०१२ उजाडले. मधल्या दोन दशकांत शिकलेले हात निवृत्त होत गेले.

हीच गोष्ट महाराजपूरच्या धावपट्टीवरही दिसते. मिराजचे उत्पादन कधीच थांबले आहे. ती उडती राहावीत म्हणून हवाई दलाने फ्रान्सकडून तेथे निवृत्त झालेली मिराज विमाने विकत घेतली, उडवण्यासाठी नव्हे, तर त्यांचे सुटे भाग काढून घेण्यासाठी.