आवाज राबत होता तेव्हा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

शंभर वर्षांपूर्वीचं गाव कसं दिसत होतं, हे जुन्या छायाचित्रांवरून थोडंफार कळतं. पण ते गाव ऐकू कसं येत होतं? आवाज किती लांब जायचा, कोणाला मोठ्यानं बोलायची मुभा होती आणि कोणाला नव्हती, हे छायाचित्रात दिसत नाही. म्हणून आज पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळला जाऊ या. हुतात्मा बाबू गेनू यांचं हे गाव. त्यांचा जन्म १९०८ चा. आपण बोलणार आहोत तो काळ त्यांच्या बालपणाचा आणि तरुणपणाचा.

त्या वेळी खेड्यात ना रेडिओ होता, ना लाउडस्पीकर. मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी आणि पुण्यात तर १९५३ मध्ये. छापील कागदाचाही फारसा उपयोग नव्हता. १९२१ च्या जनगणनेनुसार देशात शंभरातल्या जेमतेम सातांना लिहिता-वाचता येत होतं, बायकांमध्ये शंभरात दोघींनाही नाही. मग घड्याळ, वर्तमानपत्र, सरकारी नोटीस आणि करमणूक ही सगळी कामं कोण करायचं? माणसाचा गळा.

आवाज माणसाबरोबर राबत होता. मोटेवरचा गडी बैलांना धावेवरून खाली न्यायचा आणि पुन्हा मागे सारायचा, तो गाण्याच्या आणि हाकांच्या आधारानं. रानातल्या माणसाला बांधावरून हाक मारायची, तर तिचंही एक शास्त्र होतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. त्यातही क, त, प अशी व्यंजनं आधी विरतात, स्वर तेवढे टिकतात. म्हणून सखारामचा ‘सख्याऽऽ’ व्हायचा आणि पलीकडून उत्तर यायचं ‘ओऽऽ’. लांबच्या हाकेत शब्द मोजके आणि ठरलेले असत, कारण नवं काही सांगितलं तर ते पोहोचेलच याची खात्री नसे.

भर दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा आवाजाला वर वळवते. रात्री आणि पहाटे जमीन गार होते, तेव्हा तोच आवाज खाली वळतो आणि दूरवर जातो. वासुदेवाची टाळ-चिपळी पहाटे साऱ्या आळीला जाग आणायची, त्याला शांततेइतकीच ही गार हवाही कारण होती.

दिवेलागणीला माणसं रानातून परतली की दवंडी पिटली जायची. शेतसारा भरायची मुदत, साहेबाचा मुक्काम, रोगाची साथ, सगळं दवंडीतून कळायचं. बहुतेक गावांत हे काम महार वतनदाराकडे असे. सरकारचा हुकूम गावाच्या कानी घालणारा हा माणूस चावडीत इतरांच्या शेजारी बसू शकत नव्हता. गावाला त्याचा आवाज हवा होता, त्याचं म्हणणं नको होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणलं, ते या वेठीच्या विरोधात. प्रत्यक्षात ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

बायकांची गोष्ट याहून वेगळी नव्हती. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पण उजाडायच्या आत जातं घरघरू लागलं की तीच सून गाऊ लागायची. दोघी समोरासमोर, खुंटा दोघींच्या हातात. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं उचलायची. जात्याच्या फेऱ्यावर श्वास आपोआप बसायचा. माहेरची ओढ, भावाचं कौतुक, सासरचा जाच, सीतेचा वनवास, सगळं त्या ओवीत यायचं. पलीकडे निजलेल्या घराला ते ऐकू जात होतंच. पण गाणं होतं म्हणून चाललं. तेच दिवसा बोलून दाखवलं असतं, तर घरात वणवा पेटला असता.

या भागातली अनेक माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली. मागे राहिलेल्यांशी बोलायला उरलं ते पत्र. पण लिहिता न येणाऱ्याचं पत्र लिहिणारा दुसरा आणि गावात ते वाचून दाखवणाराही दुसराच, मास्तर नाही तर पोस्टमन. नवरा-बायकोच्या पत्रात असे दोन परके कायम बसलेले. त्यामुळे पत्रात मनीऑर्डर, पाऊस आणि थोरांना नमस्कार यापलीकडे फारसं काही येत नसे.

करमणुकीतही गळाच राबायचा. शेजारच्या जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. शाहिराच्या मागे झीलकरी उभे राहून सूर उचलून धरत. मुख्य गायकाला दम घ्यायला उसंत मिळे आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाजही जाई. मायक्रोफोन नसताना वरच्या पट्टीला पर्याय नव्हता, कारण आपला कान बारीक, चढ्या सुरांना अधिक तिखट असतो.

बाबू गेनूही याच वाटेनं मुंबईला गेले आणि गिरणी कामगार झाले. १९३० च्या सविनय कायदेभंगात मुंबईच्या रस्त्यांवर प्रभातफेऱ्या निघत होत्या. पहाटेची वेळ, एकानं सुरू करायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ही रीत खेड्यातून आलेल्यांना नवी नव्हती. फरक इतकाच, की इथे आवाज कोणाच्या हुकमानं लागत नव्हता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू त्याखाली चिरडले गेले. वय अवघं २२. त्यांचं नाव रस्त्याला मिळालं, त्यांचा आवाज मात्र आपल्यापर्यंत आला नाही.

पुढे पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जात्याबरोबर बोलायची ती हक्काची जागाही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हे वेळीच ओळखलं. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून त्यांनी आणि गावोगावच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या बाईच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहेत आणि आज कोणालाही ऐकता येतात. दवंडीवाल्याची आरोळी, मोटेवरची साद, बांधावरची हाक यांच्या वाट्याला असं भाग्य क्वचितच आलं.

जात्यावर बसलेल्या बायका अजून काही घरांत आहेत. खिशातल्या मोबाइलवर त्यांची ओवी जरूर टिपा. पण तेवढ्यावर थांबू नका. ही ओवी कोणाला ऐकू जावी म्हणून म्हणत होता, हेही त्यांना विचारा. उत्तर द्यायला त्या कदाचित थोडा वेळ घेतील. तेवढा वेळ त्यांना द्या.