शनवार तेल्यांचा किनारा

मुंबईहून मांडव्याला उतरलेली मंडळी किहीम, वरसोली नाहीतर नागाव गाठतात, मासळीच्या ताटावर ताव मारतात आणि समुद्रात पाय भिजवून परततात. त्याच रस्त्यावर एका दिवसात होणारी आणखी एक सहल आहे, ती मात्र फार थोडे लोक करतात. नवगाव, अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई अशी ती वाट. शेकडो वर्षं कोकणात राहिलेल्या, घरीदारी मराठीच बोलणाऱ्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलींची ही गावं.

सुरुवात नवगावपासून करावी. किहीम मागे टाकलं की थळच्या अलीकडे हे गाव लागतं. समाजाची परंपरा अशी सांगते की, त्यांच्या पूर्वजांचं गलबत खांदेरी-उंदेरीच्या आसपास फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांची प्रेतं नवगावलाच पुरली, पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे. समुद्राजवळच्या त्या जुन्या दफनभूमीत आज स्मारकस्तंभ उभा आहे. हे गलबत कधी फुटलं याबद्दल एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ सांगतं, कुणी बराच अलीकडचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे दिसले. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं आहेत. या समुद्रकाठाला अशा कथा नव्या नाहीत, आणि त्या ऐकून घेताना तारखेसाठी अडून बसू नये असं मला वाटतं.

वाचलेली माणसं अष्टागर आणि आसपासच्या गावांत पांगली. तेलाचे घाणे चालवू लागली, शेती करू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायचा हा त्यांचा नेम, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, तसेच नवगावकर, दिवेकर, झिराडकर. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली गेली. उरली ती ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना, मुलग्यांची सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्याचे निर्बंध. डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी ज्यूने यांना ज्यू म्हणून ओळखलं ते म्हणे मासळीवरूनच. निवडायला दिलेल्या मासळीतून बायकांनी खवले आणि पर असलेली तेवढी बाजूला काढली, बाकीची घरात शिजत नाही म्हणाल्या. पुढे त्याने तिघांना धर्मशिक्षण देऊन काझी नेमलं.

सणांचं तर काय सांगावं! नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण ही नावं ऐकून शेजारच्या कुठल्याही घरातले वाटावेत, पण सगळे ज्यू पंचांगातले. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या शोकाच्या दिवसाला हे लोक बिरड्याचा सण म्हणत आले. रायगडातल्या घरोघरी आवडीने होणारं वालाचं बिरडं असं थेट जेरुसलेमच्या दुःखाशी जोडलं गेलं. नव्या वर्षाला चिकाचा हलवा हवाच. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवायचा. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही या नियमावर कोकणच्या नारळाने इतका सोपा मार्ग काढून दिला.

अलिबागला पोचल्यावर किल्ल्याकडे जाण्याआधी इस्रायल आळी विचारावी. इथलं मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १८४८ सालचं, सध्याची इमारत १९१० मधली. जुनी माणसं अजूनही त्याला मशीद म्हणतात. दाराच्या चौकटीवर तिरपी बसवलेली छोटी नळी दिसेल, ती मेजुजा. तिच्यात हाताने लिहिलेला धर्मवचनांचा चर्मपत्राचा तुकडा असतो. आत जाणारा माणूस तिला बोटं लावतो आणि ती बोटं ओठांना टेकवतो. आत मधोमध कठडा घातलेला लाकडी चौथरा, त्याला तेबा म्हणतात. प्रार्थना तिथे उभं राहून म्हटली जाते. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, हेखाल, पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. युरोपातल्या ज्यूंची तोंडं प्रार्थनेला पूर्वेकडे, आपल्या कोकणातल्यांची अरबी समुद्राकडे.

याच गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, आणि आंग्र्यांच्या आरमारात चुरीकर या बेने इस्रायली घराण्यातली माणसं होती. इंग्रजी पलटणीतही हे लोक गेले. त्यातलाच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि १७९६ मध्ये त्याने मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. दक्षिणेला मुरूडच्या सिद्दीच्या जंजिरा संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी हे कारभारी होते. मला या माहितीचं मोल फार वाटतं. पाहुणे म्हणून कुणी आरमारात नायकी करत नाही की संस्थानाचा कारभार हाकत नाही.

अलिबागेहून आत खंडाळ्याला वाकडी वाट करावी. (घाटातलं खंडाळा वेगळं.) इथल्या एका खडकावर एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, आपल्या रथासह टेकला आणि मग स्वर्गाकडे गेला, अशी श्रद्धा आहे. घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा भाविक दाखवतात. नवस बोलला की मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा आशीर्वाद म्हणतात, मग ताट सगळ्यांत वाटतात. हा मलिदा जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात नाही. इस्रायलला गेलेली कुटुंबंही तिथे तो करतात आणि इकडे आली की खंडाळ्याला येऊन जातात.

नागावच्या पुढे चौल. टॉलेमीला आणि अरब प्रवाशांना ठाऊक असलेलं हे बंदर. दहाव्या शतकात अल मसुदी इथे येऊन गेला, पंधराव्यात रशियन व्यापारी अफानासी निकितिन. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून फिरताना एवढ्या मोठ्या बंदराची कल्पना करावी लागते. रेवदंड्याला तशी करावी लागत नाही. पोर्तुगीजांचा कोट अजून उभा आहे, रस्ता त्याच्या तटातूनच जातो, आणि चर्चचा सातखणी मनोरा पडझड होऊनही लांबून दिसतो. १७४० मध्ये हा कोट मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज अमलात ज्यूपण लपवावं लागे, ते गोव्यात अधिकच. अहमदनगरच्या निजामशहावर उपचार करणारा गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यातला. तो वारल्यावर बहिणीला धर्मन्यायालयाने जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडंही उकरून जाळली. तटाबाहेरच्या गावांत मात्र शनवार तेली बिनघोर घाणे बंद ठेवत आले. कोकणच्या शेजारधर्माचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग १८४२ चं. खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलणारी ख्रिस्ती वस्ती आहे. दिवस शिल्लक असेल तर तिथल्या किल्ल्यावर चढावं.

१९५० च्या सुमारास भारतात बेने इस्रायलींची संख्या वीस हजारांच्या घरात होती. आता चार-पाच हजार, त्यातही बहुतेक मुंबई-ठाण्यात. बाकीचे बहुतेक इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत वसले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इकडच्या किनाऱ्यावर मोजकीच घरं उरली आहेत आणि सिनेगॉगची देखभाल त्यांच्याच खांद्यावर आहे. म्हणून जायचं तर शनिवार आणि ज्यू सण टाळावेत, आधी विचारून जावं, पुरुषांनी डोकं झाकावं, फोटोसाठी परवानगी घ्यावी. आत दानपेटी असेल तर तिच्यात मोकळ्या हाताने टाकावं. कौलं, लाकूड आणि खारा वारा यांचा खर्च दर पावसाळ्यानंतर नव्याने उभा राहतो.